रिकामा फ्लॅश

११ जानेवारी, रविवार. सकाळी १०

फोटोलॅबवाल्याने ही डायरी फुकट दिली. दरवर्षी देतो आणि दरवर्षी बायको पळवते. या वर्षी ठरवलं, आपण लिहायचं. थोर कलावंतांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात कपाटात सापडतात. माझी सहज सापडावी म्हणून वरच्याच कप्प्यात ठेवणार आहे. तोवर ही माझ्याखेरीज कुणासाठी नाही.

काल फरशीवाल्याच्या आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस उरकला. फरशीवाला म्हणजे आमचं सध्याचं गिऱ्हाईक. चौकात टाइल्सचं दोन मजली दुकान आहे, त्यामुळे आपल्याला सौंदर्यातलं कळतं असा त्याचा समज. हॉल भाड्याचा, फुगे सोनेरी, आणि पाहुणे असे की एकही चेहरा फ्रेममध्ये घ्यावासा वाटेना. तरी दिवसभर घाम गाळला. रिकाम्या खुर्चीची सावली. चमच्यात उलटं दिसणारं झुंबर. फुटलेल्या फुग्याची दोरी. प्रदर्शनात लागतील असे फोटो आहेत.

टीम नेहमीचीच. व्हिडिओला मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एडिटिंग आणि अल्बमला बायको. बाकी सगळं, म्हणजे कॅमेरा आणि विचार, माझ्याकडे.

रिकाम्या फ्लॅशची इथे नोंद करून ठेवतो. प्रत्येक कार्यक्रमात काही लोक फोटोग्राफरला सारख्या हाका मारतात. अहो, आमचा एक काढा. अहो, आता आमचा सगळ्यांचा एक. अशांशी वाद घालायचा नाही. शटरला हात न लावता फ्लॅशच्या पाठीमागचं टेस्टचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, माणसं समाधानाने स्टेजवरून उतरतात आणि कार्डावर काही जात नाही. काल फरशीवाल्याची आई आणि तिच्या दोन बहिणी स्टेजवरच्या सोफ्यावर ठाण मांडून बसल्या होत्या. थोरली लांबून आलेली, वॉकर धरून चालणारी. तिने फोटोसाठी चष्मा काढला. धाकटीने तिचे केस विंचरले. मग थोरलीची विनंती की माझे डोळे मिटतात हो, तीनदा काढा. दिले तीन फ्लॅश. तिघी खूश. माझाही वेळ वाचला.

१५ जानेवारी

फोटो पाठवले. अर्धे पैसे आधी घेतलेत, अर्धे फोटो मिळाल्यावर द्यायचे ठरलंय. शनिवारपर्यंत येतील. नव्या लेन्सची चौकशी करून ठेवली. मेहुण्यालाही त्यातून काहीतरी देईन. किती ते अजून ठरवलेलं नाही, पण द्यायचं हे नक्की.

संकल्प: पुढच्या महिन्यापासून फक्त कलाप्रेमी गिऱ्हाइकंच घ्यायची.

१६ जानेवारी. दुपारी

फरशीवाल्याचा फोन. अख्ख्या घराने टीव्हीवर लावून फोटो पाहिले म्हणे. विचारत होता की तुम्हाला वाढदिवसाला बोलावलं होतं की फर्निचरच्या दुकानात. खुर्च्याच खुर्च्या आहेत, माणसं कुठायत. याची विनोदबुद्धीही याच्या मालासारखी, वरून चकचकीत आणि पाय ठेवला की घसरणारी.

मग म्हणाला, ते राहू द्या, आमच्या आईचा आणि दोघी मावश्यांचा सोफ्यावरचा फोटो कुठाय. मी म्हटलं, तो दुसऱ्या बॅचमध्ये आहे.

दुसरी बॅच नाही. पण मी इतक्या सहज म्हणालो की क्षणभर मलाही ती आहे असं वाटलं.

१८ जानेवारी

पुन्हा फरशीवाला. दुसरी बॅच कधी. या वेळी आवाज खाली आणून बोलत होता, तेच जास्त लागलं. म्हणाला, हे बघा, नसेल निघाला तर तसं सांगून टाका, माणसाच्या हातून होतं. थोरली मावशी महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे आहे. मग मुलाकडे जाईल, आणि त्या पायांनी पुन्हा काही तिचं येणं व्हायचं नाही. ती आहे तोवर घरीच पुन्हा काढू, दहा मिनिटांचं काम. पण तो फोटो हातात पडेपर्यंत उरलेले पैसे मिळणार नाहीत.

म्हणजे मी कबूल करायचं की फोटो निघाला नाही. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत. आणि कुणापुढे, तर बाथरूमच्या भिंतींना रंग सुचवणाऱ्या माणसापुढे. मी शांतपणे सांगितलं की फाइल करप्ट झाली आहे, रिकव्हरी चालू आहे, या गोष्टी टेक्निकल असतात. तो म्हणाला, बरं.

'बरं' म्हणण्याची पद्धत उद्धट होती.

२० जानेवारी. दुपारी

मेहुणा पैसे मागायला आला. या कामाचे आणि आधीच्या दोन कामांचेही. याची स्मरणशक्ती नको तिथे चालते. शेजारी बसवून समजावलं की कलेत पैसा मागाहून येतो. पैशांकडे बघायला लागलं की हात हलतो आणि शॉट बिघडतो. शिवाय आपण घरची माणसं. तो म्हणाला, भावोजी, आपण घरची माणसं खरी, पण कॅमेऱ्याचा हप्ता घरच्यांना भरायचा नाहीये, बँकेला भरायचाय.

तेवढ्यात फरशीवाल्याचा फोन आला. बरंच झालं. मेहुण्यासमोर त्याला ठणकावलं की काम झालं की पैसे त्याच दिवशी हातात पडले पाहिजेत. राबणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं याला नीचपणा म्हणतात, मग ते ठेवणारा कुणी का असेना. फोन ठेवून वळलो तर मेहुणा आणि बायको दोघंही माझ्याकडे एकटक बघत होते. वाक्य मनाला भिडलेलं दिसलं.

मेहुणा चहा न घेताच गेला. घाईत असावा.

२१ जानेवारी

फरशीवाल्याची नवी टूम. त्याच्या ओळखीचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, तो बिघडलेल्या कार्डातून फोटो काढून देतो. कार्ड द्या, मी स्वतः घेऊन जातो. मी सांगितलं की कार्ड बाहेरगावच्या तज्ज्ञाकडे गेलंय.

कार्ड टेबलाच्या खणात आहे. त्यावर मी काल एका इन्शुरन्सवाल्याचे पासपोर्ट साइज काढले.

बायको म्हणाली, अहो, खरं सांगून टाका ना. जाऊन काढून या एकदा, अजून त्या इथेच आहेत. बायकोला एडिटिंग येतं, पण प्रतिष्ठा म्हणजे काय ते कळत नाही. आज एका फरशीवाल्यापुढे वाकलो तर उद्या प्लंबरही येऊन उभा राहील.

संकल्प: वाकायचं नाही.

२३ जानेवारी. संध्याकाळी

मार्ग सापडला. इतके दिवस सुचला कसा नाही. तिघी वेगवेगळ्या फोटोंत कुठे ना कुठे असणारच. तिथून उचलून एका सोफ्यावर बसवायच्या. सोफा माझ्याकडे आहे, चांगला सहा अँगलने आहे, फक्त त्यावर कुणी बसलेलं नाही.

बायकोला सांगितलं तर तिने साफ नकार दिला. म्हणाली, अल्बम करते, हे असलं करणार नाही. मग मीच बसलो. फरशीवाल्याची आई केकच्या फोटोत मिळाली. तोंड उघडं आहे, पण आनंद म्हणून खपेल. धाकटी पाठमोरी होती, तिला एका कडेच्या फोटोतून अर्धवट फिरवून घेतलं. थोरली काही केल्या सापडेना. एका फोटोत फुग्यामागे वॉकरचा दांडा आणि एक कोपर, बस्स. शेवटी एका कोपऱ्यात पांढऱ्या केसांची, चष्मा न लावलेली, गोल चेहऱ्याची बाई दिसली. हीच ती. म्हाताऱ्या बायका तशाही सगळ्या सारख्याच दिसतात. तिला मधोमध बसवलं, गालांवर थोडा प्रकाश दिला, मांडीवर सावली टाकली. माझं मलाच कौतुक वाटलं. मूळ फोटो काढला असता तर इतका चांगला आला नसता.

पाठवला. सोबत लिहिलं की रिकव्हरी यशस्वी, आता उरलेल्या रकमेची वाट पाहतो.

२४ जानेवारी

फरशीवाल्याचा फोन सकाळीच. विचारतो, मधोमध बसलेल्या बाई कोण.

म्हटलं, तुमच्या थोरल्या मावशी. तर म्हणाला, या आइस्क्रीमच्या स्टॉलवरच्या बाई आहेत. आमची आई काल रात्रीपासून फोटो हातात धरून विचारतेय की ताईच्या जागी ही कोण येऊन बसली.

मी म्हटलं, लेन्सच्या डिस्टॉर्शनने चेहरा थोडा बदलतो. तो म्हणाला, मावशीच्या हातात स्कूप आहे.

स्कूप मी खोडायला हवा होता. एवढीशी गोष्ट, पण असल्या कोत्या मनाच्या माणसांना बरोबर तीच दिसते.

२५ जानेवारी

आता निकाल लावायचा. मूळ मुद्दा काय, तर मी काम केलं की नाही. केलं. याला पुरावा आहे. मेहुण्याचा व्हिडिओ. त्याचा कॅमेरा दिवसभर स्टेजसमोर स्टँडवर होता. त्यात मी तिघींसमोर उभा आहे, फ्लॅश पडतोय, एकदा नव्हे, तीनदा. अख्ख्या घराला तो दाखवायचा. फोटोग्राफरने फोटो काढला हे उघड्या डोळ्यांनी दिसलं की पुढे फाइलचं काय झालं हा टेक्निकल भाग उरतो, आणि टेक्निकल भागाचे पैसे कापता येत नाहीत. वकिलालाही इतकं सुचलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणून फरशीवाल्याला कळवलं. सगळ्यांना बसवून ठेवा म्हटलं, विशेषतः आईंना आणि मावश्यांना.

२६ जानेवारी

मेहुण्याला फाइल आणायला सांगितलं. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही ती बघितलीय का. म्हटलं, मी व्हिडिओ बघत नाही. ज्याला एक क्षण पकडता येत नाही तो बिचारा दिवसभर कॅमेरा चालू ठेवतो. मेहुण्याच्या मनाला लागू नये म्हणून हे हसत हसत म्हणालो.

तो पुन्हा म्हणाला, एकदा बघून घ्या, आवाजासकट बघा, माइक स्टेजवरच होता. म्हटलं, चांगलंच आहे, फ्लॅशचा आवाजही येईल. मग तो पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून बहिणीशी स्वयंपाकघरात बराच वेळ काहीतरी कुजबुजत बसला. हे दोघं भाऊबहीण लहानपणापासून असेच आहेत म्हणे.

२७ जानेवारी. सकाळी ९

आज फरशीवाल्याची जिरवणार.

निळा कोट इस्त्रीला दिलाय. भाषण तयार आहे. सुरुवात नम्र, मध्ये तळमळ, शेवटी थोडा मोठेपणा. पैसे मोजून घेणार नाही. पाकीट तसंच खिशात टाकीन, त्याने छाप पडते. मेहुण्याला उद्याच त्याच्यातले थोडे देईन, प्रोत्साहन म्हणून.

२७ जानेवारी. संध्याकाळी

त्यांचा टीव्ही फार मोठा आहे.

उगाच एवढा मोठा टीव्ही घेतात लोक. समोरच्या कोचावर तिघी बहिणी, बाजूला फरशीवाला, त्याची बायको, दाराशी मेहुणा. मी भाषण केलं. चांगलं झालं. मग व्हिडिओ लावायला सांगितला आणि टीव्हीशेजारी उभा राहिलो, म्हणजे बोटाने दाखवता येईल.

सोफा आला. तिघी आल्या. थोरलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. धाकटीने तिचे केस विंचरले, भांग नीट केला, पदर खांद्यावर बसवला. याला बराच वेळ गेला आणि मेहुण्याने तो सगळा घेतलाय. मग मी आलो. मेहुण्याला नको तिथे झूम करायची सवय आहे. माझा कॅमेरा अख्ख्या पडद्यावर दिसला. लेन्सवर झाकण होतं.

पहिला फ्लॅश. दुसरा फ्लॅश. तिसऱ्याला तर मी कॅमेरा वरही केलेला नाही, तो पोटावर लटकतोय आणि मी बाजूला बघून जांभई देतोय. आणि मग माझा आवाज, अगदी स्वच्छ. मेहुण्याला सांगतोय की यांना फोटो नको असतो रे, नुसता उजेड दाखवला तरी चालतं.

मी लगेच म्हटलं की आवाज मागाहून भरलेला असू शकतो. मेहुणा बुटांच्या नाड्या बघत होता.

फरशीवाला ओरडेल असं वाटलं. त्याची तयारी मी केली होती. तो ओरडला नाही. त्याची आई म्हणाली, जरा मागे घे रे. पुन्हा लागलं. मग ती बहिणीला म्हणाली, बघ ताई, किती वेळ चष्मा काढून बसली होतीस तू. थोरली म्हणाली, मला वाटलं माझेच डोळे मिटले असतील, म्हणून देत नसतील. गेले दहा-अकरा दिवस ती घरात हेच म्हणत होती म्हणे, की माझ्यामुळे तुमचा फोटो बिघडला.

मला पाणी हवं होतं. मागायला जमलं नाही. कोटाच्या आत उकडत होतं.

संकल्प: काही नाही.

२८ जानेवारी

फरशीवाल्याने उरलेल्या रकमेतले पैसे मेहुण्याला परस्पर दिले. बायकोला अल्बमचे वेगळे, तिच्या नावाने. इतक्या वर्षांत तिच्या नावाने पहिल्यांदाच पैसे आले. मला म्हणाली, बघा, आले. मी म्हटलं, छान.

माझ्या वाट्याचं विचारायला फोन केला. फरशीवाला म्हणाला, तुम्ही उजेड दिलात, उजेडाचे पैसे अ‍ॅडव्हान्समध्ये पोचलेत. फरशीवाल्याच्या तोंडून इतकं चपखल वाक्य येईल असं वाटलं नव्हतं. कुणाकडून तरी ऐकलं असणार.

शुक्रवारी तिघींचा फोटो घरीच काढायचाय, शनिवारी थोरली जाणार. काम मेहुण्याला दिलंय. त्यांच्या घरच्यांनी एकमताने, असं बायको म्हणाली. हे 'एकमताने' तिने दोनदा सांगितलं.

२९ जानेवारी

दिवसभर आमच्या फोटोच्या दुकानात बसलो. एकही गिऱ्हाईक नाही. मेहुणा आला, उद्याच्या कामाला एक माणूस कमी पडतोय म्हणाला. माझा कॅमेरा त्याला हवा होता, म्हणून दिला. माझा कॅमेरा असला म्हणजे मी असल्यासारखंच. मग म्हणाला, फ्लॅशचा स्टँड मोडलाय, कुणीतरी हाताने धरायला लागेल, येता का भावोजी.

विचार करून सांगतो म्हटलं. तो दारात पोचेपर्यंत विचार केला आणि येतो म्हणालो. प्रकाश कसा धरावा हे अनुभवाशिवाय जमत नाही. तो बिचारा एकटा गडबडला असता.

३० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी

कोट घातला नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ कोच ओढला होता. मेहुण्याने मला कुठे उभं राहायचं ते दाखवलं. अजून थोडं मागे, म्हणाला. हात वर, म्हणाला. मी केला. थोरलीने चष्मा काढला. धाकटीने तिचे केस विंचरले, त्या दिवशीसारखेच, भांगही तसाच. मला आज पहिल्यांदा थोरलीचा चेहरा नीट दिसला. तिच्या भुवईवर एक जुना व्रण आहे. आइस्क्रीमवालीशी काहीएक साम्य नाही.

फरशीवाल्याची आई कॅमेऱ्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत होती. मग मेहुण्याला विचारलं, यांच्या हातात ते बटण नाही ना रे. मेहुणा म्हणाला, नाही आजी, बटण माझ्याकडे आहे. तेव्हा कुठे तिने मान वळवली.

मेहुण्याने बरेच काढले. थोरलीचे डोळे मिटतात हे खरं आहे. दर वेळी तो जाऊन त्यांना स्क्रीन दाखवत होता आणि तिघी कॅमेऱ्यावर वाकून खात्री करत होत्या. एकदाचा मनासारखा आला. थोरलीने चष्मा घालून पाहिला, मग काढून पाहिला, आणि हा ठेवा म्हणाली. आम्ही निघताना माझ्यासमोर येऊन म्हणाली, हात दुखला असेल तुमचा. मी नाही म्हटलं. दुखत होता.

घरी आल्यावर मेहुण्याने दाराशीच आजचे पैसे माझ्या हातात ठेवले. काम झालं की त्याच दिवशी द्यायचे, भावोजी, म्हणाला. चेष्टेत म्हणाला की खरंच, ते कळलं नाही. उद्या दुसऱ्या एका ठिकाणी काम आहे, सकाळी आठला तयार राहा म्हणाला.

मी पैसे मोजले नाहीत. बायकोने मोजले. बरोबर होते.